आतली कडी

खंडाळा म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लोणावळ्याशेजारचे धुके उभे राहते. आमचे खंडाळे ते नव्हे. आमचे सातारा जिल्ह्यातले, खंबाटकी घाटाच्या पुण्याकडच्या पायथ्याचे; शेजारच्या पारगावाशी जोडून ज्याला लोक 'पारगाव-खंडाळा' म्हणतात ते. येथे धुके क्वचित, ऊन भरपूर आणि महामार्गाचा आवाज चोवीस तास. या गावातल्या आमच्या जुन्या घराचा मागचा भाग तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात खचला. तो उतरवून त्या जागी एक पक्की खोली बांधायचे ठरले. त्या एका खोलीच्या निमित्ताने आमच्या घरात जे बोलणे झाले, आणि जे पन्नास वर्षांत कधी झाले नव्हते ते ज्या रीतीने झाले, त्याविषयी हे थोडेसे.

खोली एकच, कारण पैसे एका खोलीपुरतेच होते. अपेक्षा मात्र सात खोल्यांच्या होत्या. दादाला दूरचित्रवाणी संच आणि आलेगेले चार जण बसतील अशी जागा हवी होती. वहिनी गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या घेतात. त्यांना पंधरा मुले मांडी घालून बसतील एवढी मोकळी फरशी आणि एक फळा हवा होता. पुतण्या पुण्यातल्या एका कंपनीत आहे आणि करोनाच्या साथीपासून आठवड्यातले काही दिवस घरूनच काम करतो. त्याला टेबल हवे होते आणि मीटिंग चालू असताना कुकरच्या शिट्ट्या ऐकू जाणार नाहीत अशी भिंत. पुतणीचे लग्न ठरले होते, म्हणजे आज वऱ्हाड आणि उद्या बाळंतपण याच खोलीत. गौरी-गणपती, गावची जत्रा आणि सुटीत येणारे आम्ही चौघे हे तर धरूनच चालायचे. यादीच्या शेवटी, जरा खालच्या आवाजात, आईचे गुडघे. दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया करावी लागणार होती आणि त्यानंतर तिला जमिनीवर अंथरूण घालून निजता येणार नव्हते.

आईने स्वतः काहीच मागितले नव्हते. ही गोष्ट त्या वेळी आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आली नाही.

मी पेशाने हिशेबनीस. आकडे बसवणे हा माझा धंदा, म्हणून हे कामही माझ्याकडे आले. आलेखाचा कागद घेतला, एक चौकोन म्हणजे एक फूट धरला आणि बारा बाय सोळा फुटांच्या आयतात ही यादी बसवू लागलो. मिटणारे टेबल, भिंतीला उभा लागणारा पलंग, चाकांचा फळा, सरकते दार. तीन रविवार त्यात गेले. आणि हे करता करता मला वाटू लागले की आपण काही नवे करीत नसून पाडलेले माजघरच पुन्हा काढतो आहोत.

आमच्या भागातल्या साध्या घराची मांडणी वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. पुढे सोपा, मध्ये माजघर, मागे चूल आणि परसदार. सोप्याला काम ठरलेले : पुरुषांची बैठक, येणाऱ्याजाणाऱ्याचे पाणी, गावच्या गोष्टी. चुलीचेही काम ठरलेले. माजघराला मात्र स्वतःचे असे एकही काम नव्हते आणि म्हणून सगळी कामे त्याचीच होती. पहाटे तेथे जाते फिरे, सकाळी धान्य निवडले जाई, दुपारी पंगत बसे, संध्याकाळी दिव्याखाली आमचा अभ्यास चाले, रात्री एका ओळीने वाकळा पसरल्या जात. घरात कोणी बाळंत झाली की एका कोपऱ्यात बाज पडे आणि लुगडे आडवे बांधून तिची खोली तयार होई. आजी गेली तीही तेथेच, आणि तिच्या तेराव्याची पंगतही तेथेच बसली.

हे सारे शक्य होई ते काही साध्या सोयींमुळे. भिंती मातीच्या आणि हात-दीड हात जाड, त्यामुळे त्यांच्या पोटात कोनाडे आणि फडताळे. वर खुंट्या आणि कपड्यांची आडवी दांडी, कोपऱ्यात मडक्यांची उतरंड. थोडक्यात, जे काही ठेवायचे ते भिंतीत किंवा भिंतीला, जमीन मोकळी. घराचे माप खोल्यांत सांगत नसत, खणांत सांगत. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. पाच खणांचे घर, सात खणांचे घर. त्या खणात काय करायचे हे घर बांधताना ठरलेले नसे. ते दिवस ठरवी, ऋतू ठरवी.

पुढे वाचनात आले की जपानी घराचे जुने मापही नेमके असेच आहे. दोन खांबांमधल्या अंतराला तेथे 'केन' म्हणतात. त्या घरात खालच्या जाड चटया, म्हणजे तातामी, साधारण तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब, आणि खोली लहान की मोठी हे किती चटयांची त्यावरून सांगायचे. रात्री गादी पसरायची, सकाळी घडी करून भिंतीतल्या खोल कपाटात ठेवायची. या कपाटाचे नाव ओशिइरे. आणखी पश्चिमेला, नेदरलँड्समधल्या उत्रेख्त शहरात, खेरिट रीटफेल्ट या वास्तुकाराने १९२४ मध्ये ट्रूस श्रोडर नावाच्या विधवा बाईसाठी आणि तिच्या तीन मुलांसाठी एक घर बांधले. त्याच्या वरच्या मजल्यावरच्या भिंती सरकतात : दिवसा एक दालन, रात्री वेगवेगळ्या खोल्या. हे घर आज जागतिक वारसा म्हणून जपलेले आहे. आमच्या माजघरात लुगडे आडवे बांधत त्याला कोणी वारसा म्हटले नाही. पण कल्पना फार दूरची नव्हती, असे मला वाटले आणि थोडा अभिमानही वाटला.

अभिमान वाटावा असा दुसरा दाखला वडिलांचा. अण्णा तरुणपणी मुंबईला गिरणीत होते आणि नायगावच्या बी. डी. डी. चाळीत राहत. १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या या चाळींतली खोली साधारण १६० चौरस फुटांची. आमची नवी खोली १९२ चौरस फुटांची होणार होती, म्हणजे तिच्याहून मोठी. त्या खोलीत गावाकडचे बारा-चौदा गडी. पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे सगळे एका वेळी कधीच नसत. एकाची पाठ उठली की त्याच जागी दुसऱ्याची टेके. प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक भिंतीला लावलेली आणि वर दोरीवर एक हात जागा. जेवण खाणावळीत. आणि ती खाणावळ म्हणजे पुन्हा कोणा बाईची तसलीच एक खोली, जिच्यात ती संसारही करी आणि वीस-पंचवीस माणसांच्या भाकरीही थापी. अशा खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, हा इतिहास परिचित आहे. १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, अण्णा ट्रंक घेऊन परत आले. आता त्या चाळींचा पुनर्विकास सुरू आहे आणि रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे मिळत आहेत. अण्णा मात्र अखेरपर्यंत सांगत, "आरं, जागा लहान नसती. माणसं एकाच वेळी घरात असली की लहान होती."

हे वाक्य मी माझ्या आराखड्याच्या डोक्यावर लिहिले होते. सकाळी पुतण्या, दुपारी आई, संध्याकाळी मुले, रात्री पाहुणे. गिरणीच्या पाळ्यांसारखे वेळापत्रक. कागद घेऊन मी गावी गेलो आणि सोप्यात सर्वांसमोर तो उलगडला. दादाला पसंत पडला. पुतण्याला पसंत पडला. वहिनी पदराला हात पुसत आल्या, बराच वेळ कागद पाहत राहिल्या आणि म्हणाल्या,

"भावजी, सगळं छान काढलंय. पण गाद्या उचलणारं माणूस कुठं दाखवलंय यात?"

मी हसलो, मग हसू आवरले. त्या रागावल्या नव्हत्या, खरोखरच विचारीत होत्या. सकाळी नऊला पुतण्याचे टेबल उघडायचे तर साडेआठला पलंग भिंतीला लावायला हवा. तो कोण लावणार? पाचला मुले यायची तर टेबल मिटून, कागद-तारा आवरून, केर काढून साडेचारला फरशी मोकळी हवी. ती कोण करणार? रात्री दहाला पाहुण्यांची अंथरुणे, पहाटे पाचला त्यांच्या घड्या. माझ्या कागदावर दिवसातून चार वेळा खोली बदलत होती, आणि प्रत्येक बदल आपोआप होत होता. हिशेबनिसाच्या हातून एक खर्च वहीत धरायचाच राहून गेला होता.

तेव्हा मला माजघर पुन्हा आठवले, या वेळी दुसऱ्या बाजूने. वाकळा रात्री पसरल्या जात असे मी वर लिहिले. पसरी ती आई. पंगत बसे असे लिहिले. बसवी ती आई, आणि सगळ्यांत शेवटी, उठलेल्या पंगतीच्या खरकट्याशेजारी, जेवेही तीच. आम्ही माजघरात निजत होतो, पण आई नेमकी कोठे निजे हे मला आठवेना. जेथे जागा उरेल तेथे, हे त्याचे उत्तर. पाहुणे आले तर चुलीपाशी. लोणंदला आत्याचे घर आहे. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी तेथे मुक्कामाला असते तेव्हा आत्या सोपा-माजघर रिकामे करून वारकऱ्यांना देते. त्या रात्री ती आणि तिच्या सुना कोठे पाठ टेकतात हे मी कधी पाहिलेले नाही. खोलीला स्वतःचे काम नव्हते म्हणून तिला सगळी कामे करता आली, असे मी मोठ्या कौतुकाने म्हणत होतो. घरातल्या बाईलाही स्वतःची जागा नव्हती आणि म्हणूनच तिला कोठेही सरकवता येत होते, हे त्या कौतुकातून निसटले होते. खरी सरकती भिंत तीच होती.

माजघराची दुसरीही एक बाजू सांगायला हवी. ते सर्व कामांना मोकळे होते, सर्व माणसांना नव्हते. कोणी सोप्यापर्यंत यायचे, कोणी अंगणातच थांबायचे, घरातल्याच बाईने महिन्याचे चार दिवस कोठे बसायचे, याच्या रेषा मातीच्या भिंतींहून पक्क्या होत्या. येथे मला नायगावची आठवण होते. मुंबईचे नव्हे, आमच्याच खंडाळा तालुक्यातले. सावित्रीबाई फुले यांचा जन्म तेथला, ३ जानेवारी १८३१ चा. १८४० मध्ये लग्न होऊन त्या पुण्याला गेल्या. १८४८ मध्ये बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा भरू लागली. राहत्या वाड्यातली जागा शाळा झाली, हा केवढा बदल! जीर्ण झालेला तो वाडा २०२३ मध्ये उतरवण्यात आला, तेथे स्मारक व्हायचे आहे. पण मला त्याहून अधिक विचार करायला लावते ते १८६३. त्या वर्षी जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसलेल्या, दिवस गेलेल्या विधवेने तेथे यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत. १८७४ मध्ये या दांपत्याने त्याला दत्तक घेतले. मधल्या काळात, १८६८ मध्ये, घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला.

एकाच घराचा हौद सर्वांसाठी उघडा आणि त्याच घराची एक खोली एका बाईसाठी बंद. या दोन्ही गोष्टींत मला आता विरोध दिसत नाही. ज्या बाईला सगळ्या गावाने दार लावून घेतले होते, तिला स्वतः लावून घेता येईल असे एक दार त्या घरात होते. घर किती मोकळे आहे हे त्याच्या दारांवरून ठरते हे खरे. पण दार कोणत्या बाजूने लावता येते, हेही पाहावे लागते.

असो. आराखडा मी बाजूला ठेवला आणि आईला विचारले, "तुला काय पाहिजे?" तिने आधी ठरलेले उत्तर दिले : "मला काय पायजे? तुमचं बगा." मी पुन्हा विचारले. ती शेंगा सोलत होती, सोलत राहिली. मग मान वर न करता म्हणाली,

"एक कडी पायजे. आतनं लावायची."

मला नीट उमगले नाही. ती पुढे म्हणाली, "लगीन हून आले तवापास्नं या घरात आतनं कडी लावून बसले न्हाई मी. न्हाणीला बी पडदाच हुता. घडीभर कुणी हाक मारू नये, येवढंच."

व्हर्जिनिया वुल्फने १९२९ मध्ये बाईला लिहिण्यासाठी स्वतःची खोली हवी असे सांगितले, त्याला आता शतक होत आले. आईला काही लिहायचे नव्हते. तिला पूर्ण खोलीही नको होती. सात जणांच्या खोलीतला दिवसाचा एक तुकडा आणि त्याच्यावर एक लोखंडी कडी, एवढीच तिची मागणी होती.

आणि नेमकी तीच दादाला मान्य होईना. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. "शस्त्रक्रिया झाल्यावर आत पडलीस तर? दार फोडायचं का?" आई म्हणाली, "फोडा." दोघेही दोन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. तिच्या काळजीपोटी तिला जे नाकारले जात होते ते पूर्वी रीत म्हणून नाकारले गेले होते. नाकारणाऱ्याचा हेतू बदलला होता, दाराची बाजू तीच राहिली होती. दुसरीकडे, चौऱ्याहत्तर वर्षांची बाई नव्या गुडघ्यांनी ओल्या फरशीवर घसरते, हीही काही कल्पित भीती नाही.

मार्ग गवंड्याने काढला. तो म्हणाला, असली कडी मिळते : आतून मूठ फिरवून लावायची, बाहेरच्या अंगाला नुसती एक खाच, वेळ आली तर खाचेत नाणे घालून फिरवले की उघडते. आणि दार बाहेर उघडणारे ठेवा, म्हणजे आत माणूस दाराशी पडले तरी अडणार नाही. दादा आईकडे पाहून म्हणाला, "नाणं मी उगाच घालणार नाही." आई म्हणाली, "बगू."

मग मी नवा कागद घेतला आणि उलट्या टोकाने सुरुवात केली. आधी न हलणारी गोष्ट : आईचा पलंग. तो भिंतीला उभा लागणार नाही, मिटणार नाही, पाहुण्यांसाठी सरकणार नाही. तीन फूट बाय सव्वासहा फूट, उंची अठरा इंच, म्हणजे पाय टेकून उठता येईल. त्याच्या शेजारी पाच फुटांची मोकळी जागा, चाकाची खुर्ची वळवता यावी म्हणून. दार साडेतीन फुटांचे, उंबरा नाही. न्हाणीघर लागून, फरशी खरखरीत, हाताला धरायला दांड्या. दिव्याचे बटण पलंगावरून हाताला येईल असे. उरलेली जागा इतरांची. एका लांब भिंतीत जमिनीपासून छतापर्यंत दोन फूट खोल कपाट, म्हणजे आमचे जुने फडताळ किंवा जपान्यांचे ओशिइरे. गाद्या त्यातल्या कंबरेच्या उंचीच्या कप्प्यात, वाकावे लागू नये म्हणून. माळ्यावर गादी ठेवणाऱ्याने ती एकदा स्वतः उतरवून पाहावी. फळा भिंतीवरच रंगवलेला, हलवायला नको. पुतण्याचे टेबल सोप्याच्या कोपऱ्यात गेले. कुकरच्या शिट्ट्या त्याच्या कंपनीने ऐकाव्यात, असे ठरले.

आणि प्रत्येक बदलासमोर एक नाव लिहिले. अंथरुणाच्या घड्या ज्याने त्याने. शिकवणीआधीचा केर पुतण्याने. पाहुणे आले तर दादाने. घरात बदलत्या उपयोगाची खोली योजणाऱ्या कोणालाही मी एवढेच सुचवीन : फर्निचरच्या आधी हा तक्ता करावा. बदलाला माणूस मिळत नसेल तर तो बदल आराखड्यातून काढून टाकावा, कारण नाहीतर तो कोणाच्या अंगावर पडणार हे ठरलेलेच असते.

तक्ता तंतोतंत पाळला जातो असा माझा दावा नाही. पुतण्या केर विसरतो, दादाच्या घड्या वहिनी पुन्हा घालतात. आईची शस्त्रक्रिया झाली, ती आता काठी घेऊन परसापर्यंत जाते. दुपारी दोन ते चार कडी लागते. आत ती काय करते हे मी एकदा विचारले. "काय करायचंय? बसते," म्हणाली.

गेल्या वर्षी पुतणीचे लग्न झाले. घरात चाळीसेक माणूस होते. रुखवताची ताटे, साड्यांचे ढीग, पोरांचा गोंधळ, सगळे त्या खोलीत. दुपारी आई उठली, एकेकाला बाहेर काढले आणि दार लावून घेतले. थोड्या वेळाने एक पाहुण्या बाई लगबगीने आल्या. त्यांची पिशवी आत राहिली होती. त्यांनी कडी वाजवायला हात उचलला तेव्हा वहिनी पुढे झाल्या.

"थांबा आत्याबाई, बसा सोप्यात. मी चहा टाकते. चारला उघडेल."